वाटीतले सात वाल

पेण आणि रोह्याला मोबाईल आले आणि आमच्या दोन घरांमधलं बोलणं बंद झालं.

भांडण वगैरे काही नव्हतं. उलट दोन्ही घरं एकमेकांशी इतक्या अगत्याने वागत की तिसऱ्याला संशय यावा. बोलणं बंद झालं ते फोन घेतल्यामुळे. आणि ते व्यवस्थित बंद पडावं म्हणून पद्धतशीर योजना कोणी आखली? अस्मादिकांनी!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो, शिफ्टची नोकरी. राहायला वरसेला, म्हणजे रोह्याला चिकटूनच, आई आणि अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतलेली नव्हती. बायको शुभा पेणची. तिचे वडील नाना, त्यांचा पेणला गणपतीचा कारखाना. लग्नाला दोन वर्षं झाली, शुभाला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजाप्रमाणे ती माहेरी निघाली. एसटीत बसल्यावर खिडकीतून माझा हात धरून म्हणाली,

"कळा सुरू झाल्या की पहिल्या गाडीने यायचं. मला तिथे तुम्ही हवे आहात."

"पहिल्या गाडीने," मी म्हणालो.

"पहिल्या म्हणजे पहिल्या. अण्णांना विचारून नाही."

मी शब्द दिला. गाडी सुटली, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच आपण कोणाला तरी खरोखर हवे आहोत असं वाटलं.

आता निरोप मिळणार कसा? तोवर आमचा फोन म्हणजे शेजारच्या काकूंचा फोन. पी. पी. नंबर! आपल्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात दोन अक्षरं टाकायची, एवढ्यावर तेव्हा अख्खी गावं चालत. फोन आला की काकू ओट्यावर येऊन हाक मारायच्या, "विजूची आई गो, फोन हाय!" आणि आई हातातली भाकरी तशीच टाकून धावायची. त्यात त्रास एवढाच की बातमी आमच्याआधी काकूंना कळायची. अण्णांना ते आवडत नसे. "आपल्या घरची बातमी आपल्याला सेकंडहँड मिळते," असं ते म्हणत.

त्याच सुमाराला पेणला मोबाईलचं पहिलं दुकान निघालं. दुकानदार उत्साही होता, आणि त्याच्याकडे दोन जातींचे फोन होते. एक प्रीपेड, म्हणजे आधी कार्ड घ्यायचं, मग ते संपेपर्यंत बोलायचं. दुसरा करारावरचा, म्हणजे आधी बोलायचं आणि महिन्याने बिल भरायचं. आम्ही दुकानात गेलो चौघे: मी, अण्णा, नाना, आणि नानांच्या हाताला कायम असणारी शाडूची माती.

नाना म्हणाले, "आपला प्रीपेड. आपल्याकडं गिऱ्हाईक घरचा पाट आणून ठेवतं, बयाणा देतं, मंग आपण मातीला हात लावतो. आधी पाट, मंग गणपती. जगाची रीतच हाय ती."

अण्णा ताठ झाले. "व्याहीबुवा, पेपर महिन्याने, दूध महिन्याने, वाणी महिन्याने. आधी सेवा, मग पैसे. हातात बिल पडल्याशिवाय पैसे देणं म्हणजे आपण गरजू आहोत हे कबूल करणं."

"पन रेंज कोणाला जास्त येल?" नानांनी दुकानदाराला विचारलं.

"काका, टॉवर एकच आहे," दुकानदार म्हणाला.

हे वाक्य त्या दिवसातलं एकमेव उपयोगी वाक्य होतं. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नानांनी प्रीपेड घेतला, अण्णांनी करारावरचा. आलेल्या फोनचा नंबर दिसण्याची सोय वेगळे पैसे भरून मिळत होती, ती अण्णांनी बाणेदारपणे नाकारली. "फोन कोणाचा आहे हे आवाजावरून कळत नाही का?" दुकानदार म्हणाला, "मी अधूनमधून फोन करून विचारीन हां, रेंज कशी येते ते. नवीन गिऱ्हाईक आहात." आम्हाला फार कौतुक वाटलं. केवढी सेवा!

पुढच्या रविवारी कोणाचा फोन सरस हे ठरवायला नाना वरसेला आले. दोन्ही व्याही आपापला फोन आरतीच्या तबकासारखा समोर धरून घरभर फिरले. माजघरात काही नाही. स्वयंपाकघरात नानांना रेंजची एक काडी आली, ती मिसळणाचा डबा उघडताच गेली. अण्णांना मोरीत दोन काड्या आल्या, पण मोरीत उभं राहून बोलण्याइतके ते आधुनिक नव्हते. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीला लावलेल्या लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दोघांनाही सारख्याच तीन काड्या मिळाल्या. चौथ्या पायरीवर पुन्हा शून्य. वर जाऊन रेंज कमी कशी होते हे मी लॅबमधला माणूस असूनही आजवर सांगू शकलेलो नाही.

"आता वेग बघू," अण्णा म्हणाले. एका शिडीवर, एका पायरीवर दोन व्याही एकमेकांना धरून उभे राहिले आणि दोघांनी एकाच वेळी एकच नंबर लावला. कोणाचा? पाठ असलेला एकच होता. काकूंचा. खाली काकूंच्या घरात फोन वाजला, काकू पोलपाट सोडून धावल्या.

"हॅलो, काकू?" अण्णा म्हणाले. "मी अण्णा. माझा लागला ना? आधी लागला ना?"

काकू फोन ठेवून अंगणात आल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "अण्णा, मला तुम्ही हितनं दिसताय."

अण्णांना ते लागलं. उतरल्यावर त्यांनी काकूंना जाहीर सांगून टाकलं, "यापुढे आमच्यासाठी हाका मारायचा त्रास घेऊ नका. आमचा आम्हाला आहे." काकू म्हणाल्या, "बरं." त्या "बरं"मध्ये काय होतं ते आईला तेव्हाच कळलं. आम्हाला कळायला महिना लागला.

यानंतर खरी अडचण पुढे आली. त्या काळी फोन करणाऱ्यालाही पैसे पडायचे आणि उचलणाऱ्यालाही. नाना म्हणाले, माझं कार्ड संपंल. अण्णा म्हणाले, माझं बिल वाढेल. दोघांनाही दुसऱ्याशी बोलायची हौस होती, पण आपल्या फोनवर नव्हती. तेव्हा मी पुढे झालो आणि माझी ती योजना मांडली. फोन कोणी उचलायचाच नाही! नानांनी नुसत्या रिंगा द्यायच्या. एक रिंग म्हणजे कळा सुरू झाल्या. दोन म्हणजे मुलगी. तीन म्हणजे मुलगा. आणि चार म्हणजे अवघड आहे, असाल तसे निघा. ती चौथी मी हट्टाने घालायला लावली, आणि घातल्या दिवसापासून माझी झोप उडाली.

दोन्ही व्याह्यांनी माझी पाठ थोपटली. नाना म्हणाले, "जावईबापू, डोकं हाय."

फाल्गुन लागला. आईचे पोह्याचे पापड गच्चीवर वाळायला पडले आणि एका कोपऱ्यात सोललेले कडवे वाल. फोनची व्यवस्थाही आईनेच केली. देवाची फुलं काढायची वेताची परडी तिने शिडीच्या तिसऱ्या पायरीला जुन्या नाडीने बांधली, आणि रोज सकाळी पूजा झाली की फोन त्या परडीत जायचा. आई छत्री घेऊन पापडांपाशी बसायची. कावळे आणि फोन, दोन्ही राखायचं काम तिच्याकडे. रिंगा विसरायला नकोत म्हणून तिने स्वतःचीच एक युक्ती काढली. रिंग वाजली की एक वाल वाटीत टाकायचा.

मला ही युक्ती फार आवडली. म्हटलं, बघा, अडाणी म्हणतात, पण केवढी शास्त्रीय दृष्टी!

त्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती, सकाळी सात ते तीन. कंपनीच्या गेटवरून आत निरोप फक्त मयताचा देत, बाकी जगातलं सगळं शिफ्ट संपल्यावर कळायचं. साडेतीनला घरी आलो तर घरात कोणी नाही. गच्चीवर गेलो. आई पापडांपाशी बसलेली, अण्णा फरशीवर शाळेतल्या खडूने आकडेमोड करताहेत, आणि दोघांच्या मध्ये वाटी.

वाटीत सात वाल.

"सात?" मी म्हणालो.

"सात," अण्णा म्हणाले.

"सात असं काही ठरलेलंच नाही."

"म्हणून तर फोड करतोय."

मी आईला विचारलं, "आई, सलग वाजल्या की थांबून थांबून?"

"मला काय ठाव? वाजलं का टाकला वाल. मधी कावळे हाकलले, मधी पापड उलटले. एक पयला वाजला तेवढा ध्यानात हाय. तवा ह्यांना सांगितलं व्हतं मी."

"एक तर चुकूनही वाजतो," अण्णा म्हणाले. "म्हटलं, पुढचं येऊ दे. आता बघ. एक म्हणजे कळा. राहिले सहा. सहा म्हणजे तीन आणि तीन. दोन मुलगे! जुळे!"

"नायतर दोन, दोन, दोन," आई म्हणाली. "तीन पोरी."

अण्णांनी क्षणभर विचार केला आणि तो हिशेब हाताने पुसून टाकला. मला मात्र खडूचे ते आकडे दिसतच नव्हते. मला वाटीतले वाल दिसत होते, आणि ते आपोआप दोन ढिगांत सरकत होते.

"अण्णा," मी म्हणालो, "तीन आणि चारही सात होतात."

आईने वाटीवर हात ठेवला. अण्णांनी खडू खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि म्हणाले, "ती फोड आपण धरायची नाही."

तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला. "अण्णा! अवो अण्णा!"

"शूऽऽ!" अण्णांनी कठड्यावरून हात केला. "रिंग यायचीय!"

"विजू आला काय? अरे विजू..."

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी कठड्याशी जाऊन म्हणालो, "काकू, आत्ता नको हो. फोनचं चाललंय आमचं." काकू "बरं" म्हणून आत गेल्या. (हे "बरं" दुसरं. नोंद असू द्या.)

मी नियम मोडून नानांना फोन लावला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून तीनदा लावला. तिन्ही वेळा एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगून मोकळी झाली. "कार्ड संपलं असणार," अण्णा म्हणाले, आणि अशा वेळीसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हणून सांगत होतो, करारावरचा घ्या."

अण्णा आणि मी निघालो. आईने पिशवीत दोन टोपडी, दोन दुपटी भरली, आणि माझी नजर चुकवून तिसरंही एक टोपडं कोंबलं. अण्णांनी नाक्यावर पेढे घेतले. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा आपला जुना रिवाज, आणि जुळे मुलगे म्हणून पुडा मोठा. चारची एसटी मिळाली. गाडीत निम्मे लोक धाटावच्या शिफ्टचे, माझ्या ओळखीचे. बसल्याबसल्या अण्णांनी पुडा सोडला.

"घ्या. नातू झाले. दोन."

"अरे वा, विजूशेठ! जुळे? बोलला नायस!"

मी खिडकीबाहेर बघत होतो. लोक पाठीवर थापा मारत होते. शब्द दिला होता पहिल्या गाडीचा. सकाळपासून किती गाड्या पेणला गेल्या असतील, त्या मी मनातल्या मनात मोजल्या, आणि मग मोजायचं सोडून दिलं.

वडखळ जवळ आलं आणि अण्णांच्या पिशवीत फोन वाजला.

"उचलू नका!" अण्णा ओरडले. जणू कोणी उचलणारच होतं. "मोजा!"

आणि गाडी मोजायला लागली. पेढा खाल्लेला प्रत्येक माणूस. "एक... दोन..." कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत धरून हात वर केला, गप्प बसा म्हणून. "तीन..." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अजून एक पोरगा काय?" "चार..." मी जागेवरून उठलो. "पाच... सहा..." ड्रायव्हरने गाडी हळू केली. "सात... आठ..." आता मोजणाऱ्यांचे आवाज खाली यायला लागले होते. एवढी मुलं कोणालाच सोसण्यासारखी नव्हती. मी पिशवीत हात घातला आणि अण्णांच्या छत्तीस वर्षांच्या काटकसरीवर पाणी सोडून फोन उचलला.

"हॅलो! काय झालं? शुभा कशी आहे?"

"साहेब," पलीकडून आनंदी आवाज आला, "दुकानातून बोलतोय. रेंज कशी येतेय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी पण दोनदा केला, साहेब. जरासा वाजला की कट व्हायचा. म्हटलं, तुम्हाला रेंज नाही की काय!"

"किती रिंगा दिल्या?" मी विचारलं.

"रिंगा कोण मोजतो, साहेब?"

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. "कोण होतं?" अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. अण्णांनी हळूच पुड्याकडे पाहिलं. पुडा रिकामा होता. त्या सात वालांत दुकानदाराचे किती आणि नानांचे किती, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. म्हणजे मुलगा की मुलगी, एक की दोन, सोपं की अवघड, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. वडखळ ते पेण अंतर फार नाही. मला ते तेव्हा जितकं लांब वाटलं, तितकं पुन्हा कधी वाटलं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो होतो, आणि अण्णाही घाबरले होते, कारण पेणपर्यंत ते करारावरच्या फोनबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

दवाखान्याच्या दारात नाना उभे होते, हाताला माती तशीच. आम्हाला पाहून म्हणाले, "काय हो जावईबापू, आता येताय? मी सकाळी एक दिली, मंग दहा वाजता दोन दिल्या. मोजून. कुठं व्हतात?"

"दोन?" अण्णा म्हणाले.

"दोन! लक्ष्मी आली. दोघी बेस हायेत."

एक आणि दोन तीन. उरलेले चार दुकानदाराचे. मी तिथल्या बाकावर बसलो.

"मग तुमचा फोन का लागत नाही?" अण्णांनी विचारलं.

"कार्ड संपलं," नाना म्हणाले. "मुंबईच्या गिऱ्हाइकांना कळवलं, अलिबागच्या मेव्हण्याला कळवलं, समद्यांना कळवलं. तुम्हाला तर आधीच दोन दिलेल्या."

मी आत गेलो. शुभा उशीला टेकून बसली होती, कुशीत एक लाल गाठोडं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"सकाळपासून दाराकडे बघतेय," ती म्हणाली.

"अगं, ते रिंगांचं..."

"मला माहीत होतं तुमचं ते काय होणार ते. म्हणून आईला बूथवर पाठवलं होतं, काकूंकडे फोन करायला. कळा आल्यावर एकदा, झाल्यावर एकदा, आणि दुपारी पुन्हा एकदा. काकू म्हणाल्या, दोनदा हाक मारली, अण्णांनी शू केलं. तिसऱ्यांदा मारली तर विजूच म्हणाला, आत्ता नको."

शुभाने ते गाठोडं माझ्या हातात दिलं. एवढंसं तोंड, मिटलेले डोळे, आणि मूठ अशी घट्ट की वाटावं आतमध्ये वाल आहेत. मला रडू आलं. शुभा म्हणाली, "रडा आता. पहिल्या गाडीने आला असतात तर दोघांनी मिळून रडलो असतो."

पिशवीतली ती तीन टोपडी मुलीने आलटून पालटून वापरली. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी काकूंकडे बर्फी नेऊन दिली. काकू म्हणाल्या, "बरं." हे तिसरं "बरं" पहिल्या दोन्हींपेक्षा पुष्कळ बरं होतं.

आज ती मुलगी नोकरी करते. नाना आणि अण्णा दोघेही नाहीत. शिडी गंजून गेली, परडी मात्र अजून फुलांना आहे. वरसेला आता मोरीतसुद्धा सगळ्या काड्या येतात, आणि मोरीत उभं राहून बोलण्याइतका मी आधुनिकही झालो आहे. कधी कधी गच्चीवर गेलो की त्या टाकीपाशी उगाच उभा राहतो. तिथे ते दोघे एकमेकांना धरून उभे राहिलेले आठवतात.

पण शुभाने तेव्हा घेतलेला धडा सोडलेला नाही. परवा मुलीचं लग्न जमलं. शुभा बोलणी करायला पेणला गेली होती आणि मी दिवसभर मोबाईल हातात धरून बसलो होतो, चार्ज पूर्ण, आवाज मोठा, नंबर दिसायची सोय चालू. संध्याकाळी ओट्यावरून म्हाताऱ्या काकूंची हाक आली, "विजू रे, जमलं! शुभाचा फोन हाय!" मी धावत गेलो आणि फोनवर शुभाला विचारलं, "अगं, माझ्या मोबाईलवर का नाही केलास?"

ती म्हणाली, "तातडीचं होतं म्हणून."